नदीवरच्या पाहुण्यांची विचारपूस

"रिकाम्या हातानं जाऊ नकोस हं! इतक्या लांबून येतात बिचारे. त्यांची विचारपूस झाली पाहिजे."

ताईंना पहाटे जाग यायची ती गजरानं नव्हे, या आवाजानं. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्यांचा आवाज काही घर सोडून गेला नव्हता. ओट्यापाशी दूध तापवताना तो यायचा, दाराशी चपला सरकवताना तर हमखास यायचा. दवाखान्यातल्या खाटेवर ताईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून सासूबाईंनी हे सांगितलं होतं. घराचं नाही, दागिन्यांचं नाही, पोटच्या मुलाचंही नाही, नदीवरच्या पाखरांचं! आणि ताई म्हणाल्या होत्या, "नाही विसरणार, आई. शब्द दिला."

शब्द दिला की तो पाळायचा, एवढं साधं गणित असलेली ही बाई. नदीकाठच्या रस्त्यावर एक चष्म्याचं दुकान होतं, तिथं त्या कामाला होत्या. भिंगं घासून चौकटीत बसवायची, ढिल्या झालेल्या दांड्या बारक्या पेचकसानं आवळायच्या, आणि तक्त्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून घाबरलेल्या म्हाताऱ्यांना "आता खालची ओळ वाचा बघू, सावकाश" म्हणत धीर द्यायचा. म्हणून सगळ्या गल्लीच्या त्या चष्मेवाल्या ताई.

पावसाळा सरून हवा पालटली, नदीचं गढूळ पाणी उतरून निवळशंख झालं, की उत्तरेकडून कुरव पक्षी यायचे. अंगानं पांढरे, पंखांच्या टोकांना काळी किनार, आणि आवाज असा, की जणू सगळी भावकी वाटणीला बसली आहे! ताईंचा नेम ठरलेला. अंघोळ, प्रार्थना, आणि मग पिशवीभर पाव घेऊन नदीच्या पायऱ्या. तुकडे उधळायचे, पाखरं अंगावर आल्यासारखी झेपावायची, पिशवी रिकामी झाली की हात जोडायचे. चहाचा घोट घशाखाली उतरायचा तो त्यानंतर. अंगात कणकण असो की घरात पाहुणे असोत, नेम चुकला नाही.

त्या कुरवांत एक होता एका पायाचा. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं 'जावईबापू'. त्या म्हणायच्या, "मुलगी नाही झाली मला, पण जावई मात्र मिळाला! वर्षातून एकदा येतो, पुढ्यात वाढलं तर मान फिरवतो, आणि न सांगता निघून जातो. सगळी लक्षणं आहेत की नाही?" ताईही आता घरी आल्या की यजमानांना सांगायच्या, "आले होते हो जावईबापू. माझ्या हातचा पाव खाऊन गेले." यजमान छापखान्याला निघता निघता हसायचे. आईच्या मागे त्यांच्या घरात हसू उमटायचं ते एवढ्यापुरतंच.

चांगल्या गोष्टीची लागण होते, तशी या नेमाची झाली. आधी शेजारीण येऊ लागली. मग सकाळी फिरायला येणारी मंडळी, मग संध्याकाळी फोटो काढायला येणारी. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला एकानं पावाच्या पुड्यांची टपरीच टाकली. नगरपालिकेनं मध्ये एक पाटी लावली होती, 'पक्ष्यांना खाऊ घालू नये'. ताईंनी ती वाचून नाक उडवलं होतं. "घालू नये म्हणे! असं लिहिणाऱ्याच्या घरी कुणी घोटभर पाणी तरी प्यावं का?" दुसऱ्या दिवशी टपरीवाल्यानं त्याच पाटीच्या खिळ्याला पावाच्या पुड्या टांगल्या.

आता येत्या रविवारी सासूबाईंना वर्ष पूर्ण होणार होतं. यजमानांनी हौसेनं छापखान्यात पत्रकं छापली, स्वतः यंत्रापाशी उभं राहून. 'आईच्या स्मरणार्थ, रविवारी सकाळी नदीच्या पायऱ्यांवर. येताना पाव घेऊन यावे.' घरोघरी वाटली. बेकरीत टोपल्या भरून पाव सांगून ठेवले. ताईंनीच सगळं ठरवलं होतं.

आणि तरी त्यांना चैन नव्हतं. पूर्वी पाखरांना घालून घरी यायच्या ते भरल्या मनानं. यंदा मात्र पायऱ्या चढताना मागं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. गावाला निघाल्यावर गॅस बंद केला की नाही, अशी शंका डोक्यात बसावी ना, तसं. त्या वळून बघायच्या. पाखरं वरच्या वर गरगरत असायची. टेकायची, उठायची, पुन्हा टेकायची. ताई स्वतःशी म्हणायच्या, वर्षाचा दिवस जवळ आलाय, म्हणून होत असेल असं.

गुरुवारी दुकानात एक वयस्क गृहस्थ आले. गुरांचे डॉक्टर, आता सेवेतून मोकळे झालेले. त्यांनी चामड्याच्या पिशवीतून एक जुनी दुर्बीण काढून काचेवर ठेवली.

"हिच्यातून सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतंय हो. माझे डोळे गेले, की हिचे?"

"आधी तुमचे तपासू," ताई म्हणाल्या. "हिला वय लपवता येत नाही, माणसांना येतं."

डॉक्टर खळखळून हसले. ताईंनी दुर्बीण उजेडाकडं धरली. आतल्या भिंगावर बुरशी धरली होती. "साफ होईल. घाई आहे का?"

"मला नाही, पाखरांना आहे. पलीकडच्या रेतीवर तुतवार उतरलेत. मुठीएवढा जीव, पण समुद्र आणि डोंगर ओलांडून येतो. इथं थांबून दम खाणार आणि पुढं जाणार. किती दिवस राहतील नेम नाही. त्यात ती पाववाली मंडळी!"

ताईंच्या हातातला पेचकस थांबला. "का? त्यांनी काय केलं?"

"पुण्य!" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं हसू जरा कडवट झालं. "जाऊ द्या. मी सांगितलं की लोकांना राग येतो. असं करा, काच साफ झाली की संध्याकाळी इथूनच, तुमच्या दारातूनच, पलीकडची रेती धरा. दुर्बीण सुधारली की नाही ते कळेल. रविवारी नेईन मी."

डॉक्टर काही न सांगताच निघून गेले. ताईंना राग आला तो आलाच.

शुक्रवारी संध्याकाळी भिंगं पुसून, पेच आवळून त्या दुकानाच्या दाराशी उभ्या राहिल्या. मनात होतं, बघून टाकू एकदा, आणि रविवारी डॉक्टरांना सुनावू.

पहिल्यांदा पायऱ्या दिसल्या, हाताच्या अंतरावर आल्यासारख्या. एक बाई पाव उधळत होती. तिच्या हातात ताईंच्या पिशवीसारखीच पिशवी. तुकडे टाकून झाले की ती बाई डोळे मिटून हसायची आणि पुन्हा पिशवीत हात घालायची. किती समाधान होतं त्या चेहऱ्यावर! ताईंना तो चेहरा ओळखीचा वाटला. मग लक्षात आलं, आपणही अशाच दिसत असू. समाधानी, आणि पाखरांकडं मुळीच न बघणाऱ्या.

पाखरं एकमेकांच्या अंगावर आदळत होती. एका कोवळ्या, अजून पिसं तपकिरी असलेल्या कुरवाला दोघा थोराडांनी चोची मारून पाण्यात दाबलं. उरलेला पाव भिजून लगदा होऊन धारेला लागला. ताई त्या लगद्याबरोबर दुर्बीण सरकवत गेल्या. धार त्याला पलीकडच्या रेतीच्या टोकाशी, उथळ पाण्यात नेऊन लावत होती.

रेतीवर नुसत्या गारगोट्या होत्या. मग एक गारगोटी हलली!

गारगोट्या नव्हत्याच त्या. चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेली चिमुकली पाखरं होती ती, एकाला एक लागून. आडव्या उन्हात त्यांची पाठ हळूच वरखाली होत होती. लांबच्या प्रवासातून आलेलं माणूस बॅग दाराशीच टाकून, चपलाही न काढता झोपतं ना, तशी झोप. आणि त्यांच्या कडेला एकटाच एक पांढरा कुरव उभा होता. एका पायावर.

जावईबापू!

ताईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पुन्हा लावली. तोच. त्यांनी बराच वेळ बघितलं. दुसरा पाय पोटाशी घेतलेला नव्हता, तो मुळी नव्हताच. म्हणजे आज सकाळी पायऱ्यांवर, "हा बघा, हा आला!" म्हणून आपण ज्याच्याकडं तुकडा फेकला, तो कोण होता? त्या पांढऱ्या गलबल्यात कोण कोण आहे, हे आपण कधी बघितलं होतं?

तेवढ्यात कुत्री आली. पावाची वेळ त्यांनाही पाठ झाली होती. पुलाखालच्या उथळ पाण्यातून, पोटापर्यंत भिजत, रांगेनं रेतीवर चढली. लगदा चाटता चाटता एक कुत्रं त्या झोपलेल्या गारगोट्यांकडं धावलं. नुसतंच, गंमत म्हणून.

सगळी रेती एकदम उडाली. पाखरं पाण्यावरून वळसा घालून पुन्हा उतरली. कुत्रं पुन्हा धावलं. पुन्हा उडाली. दर वेळी उतरताना ती थोडी अलीकडं, थोडी अवघडून उतरत होती. जावईबापू सगळ्यांच्या मागून उठायचे. एका पायावरून उडी घेणं सोपं नसतं. शेवटच्या खेपेला मात्र पाखरं उतरलीच नाहीत. एक काळपट रेघ होऊन पुलाच्या पलीकडं, अंधारत चाललेल्या आभाळात निघून गेली.

आता या वेळेला कुठं जातील?

पायऱ्यांवर अजून पाव पडत होता. "या रे, या या!" ती बाई लाडानं हाका मारत होती.

दुर्बीण गळ्यात तशीच घेऊन त्या घरी आल्या, तेव्हा सासूबाईंच्या धाकट्या बहिणीची, मावशींची बॅग दाराशी होती. त्या रविवारसाठी आल्या होत्या. यजमान त्यांना उत्साहानं सांगत होते, "सगळी गल्ली येणार आहे, मावशी! आईला केवढा आनंद होईल!" ताई गप्पपणे ताटं घेत राहिल्या. त्यांना बोलायचं होतं, पण त्या चेहऱ्यासमोर शब्द पुढं सरकेना. गेलं वर्षभर हा माणूस असा बोलला नव्हता. त्याचा हा आनंद आपणच दिलेला, आता आपणच काढून घ्यायचा? आणि दवाखान्यात दिलेला शब्द? तो मोडायचा?

शनिवारी पहाटे त्यांनी पिशवी भरली. मग रिकामी केली. मग पुन्हा भरू लागल्या, तेव्हा यजमान स्वयंपाकघरात आले.

"काय चाललंय? निघाली नाहीस अजून?"

"आज नको वाटतंय."

"बरं नाहीये का?"

"बरी आहे. अहो, उद्याचंही... उद्याचं राहू द्या."

यजमान त्यांच्याकडं बघतच राहिले. ताईंनी मग जमेल तसं, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत सगळं सांगितलं. दुर्बीण, गारगोट्या, कुत्री, जावईबापू.

"कुत्री काय, कुठंही असतात!" यजमानांचा आवाज चढला. "त्यासाठी आईची शेवटची इच्छा मोडायची? तुझाच हात धरून सांगितलं ना तिनं? तूच शब्द दिलास ना?"

"मीच दिला! म्हणून तर जीव खालीवर होतोय."

"मावशी, तूच सांग हिला!"

"मावशी, तुम्हीच सांगा यांना!"

मावशी टेबलाशी बसून होत्या. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि बोटानं खिडकी दाखवली. मावशींचा अनेक वर्षांचा नेम होता. उठल्यापासून ऊन खिडकीच्या कठड्यावर येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तो वेळ देवाचा. आणि ऊन अजून समोरच्या गच्चीवरच होतं.

"घ्या!" यजमान वैतागून म्हणाले. "घर पेटलं तरी ही आधी खिडकीकडं बघेल."

दोघं पुन्हा भांडू लागली. मावशी एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होत्या. मग त्या उठल्या, चपला घातल्या, खुंटीवर लटकवलेली दुर्बीण गळ्यात अडकवली आणि दार उघडून चालू लागल्या. भांडायला पंचच उरला नाही, तेव्हा ही दोघंही मागोमाग निघाली.

पायऱ्यांवर आधीच दोघे-चौघे पाव टाकत होते. मावशी तिथं थांबल्या नाहीत. काठाकाठानं पुलाच्या दिशेनं जाऊन, पलीकडची रेती नीट दिसेल अशा एका दगडावर बसल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. बसल्या त्या बसल्याच. ना हूं, ना चूं. त्यांच्या गप्प बसण्यानं ताई आणि यजमानही गप्प झाले.

थोड्या वेळानं मावशींनी दुर्बीण यजमानांच्या हाती दिली. त्यांना आधी काही दिसेना. "कुठं? रेतीच तर आहे." ताईंनी मागून हलकेच त्यांचा कोपर वळवला. रात्रीत पाखरं परत आली होती. कमी होती, पण होती.

"अरे!" यजमान पुटपुटले. "केवढीशी आहेत ही! आणि हा... हा आईचाच ना गं?"

"तोच."

एवढ्यात पुलाखाली पाण्याचा छपछप आवाज झाला. कुत्री निघाली होती. यजमान नकळत उभे राहिले, "हाड! हाड!" म्हणून ओरडले. नदीच्या या काठावरचं ओरडणं पलीकडच्या कुत्र्यांना काय ऐकू जाणार! रेती उडाली. दुर्बिणीतून त्यांनी सगळं बघितलं, पहिल्या उडण्यापासून शेवटच्या उडण्यापर्यंत. मग ते खाली बसले.

ऊन पाण्यावर आलं, दगडावर आलं, मावशींच्या पायांवर आलं. घरच्या खिडकीच्या कठड्यावर ते केव्हाच पोचलं असणार. मावशी बोलू लागल्या, अगदी हळू.

"माझी ताई, म्हणजे तुझी आई, मला लहानपणी भरवायची. पोट भरलं म्हटलं तरी भरवायची. तोंड दाबून ठेवलं तर नाक दाबायची! मग मी ओकायची, आणि ती रडायची. म्हणायची, मी इतक्या प्रेमानं देते आणि ही टाकते. प्रेम होतंच रे. खोटं नव्हतं. पण ते सगळं तिच्या हातात होतं, डोळ्यांत यायला त्याला वेळच नव्हता."

"म्हणजे आई चुकली म्हणतेस?" यजमानांनी विचारलं.

"ती कशाला चुकेल? तिला दिसलं नाही. तुम्हाला काल-आज दिसलं. दिसल्यावरही उद्या तेच केलंत, तर मात्र चूक तुमची. तिच्या नावावर घालू नका!"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण मावशी, मी शब्द दिलाय. रिकाम्या हातानं जाणार नाही म्हणून. त्यांची विचारपूस करीन म्हणून."

"मग केलीस का विचारपूस?"

"रोज तर पाव..."

"पाव दिलास गं. विचारलंस कधी, काय हवंय म्हणून?"

"पाखरांना कसं विचारणार?"

"बघून!" मावशींचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "मुक्याची विचारपूस डोळ्यांनी करायची असते. अगं, तुझ्याच दारात कुणी दमूनभागून आलं, तर पहिला शब्द काय निघतो तुझ्या तोंडातून?"

"बसा," ताई म्हणाल्या.

आणि म्हणताच त्या थांबल्या. बसा! आधी बसा, मग पाणी, मग बाकीचं. दारातल्या माणसाला उभ्याउभ्या कुणी घास कोंबत नाही. ही पाखरं सगळं आभाळ पार करून आली होती, आणि नदीवर कुणी त्यांना 'बसा' म्हटलंच नव्हतं! उलट, बसायची होती ती एक रेतीची पट्टी, तीही आपण त्यांच्या पायाखालून काढून घेतली. आणि वर हात जोडून घरी गेलो!

मग यजमान म्हणाले, "सगळ्यांना बोलावून बसलोय. टोपल्या भरून पाव येणार उद्या. त्याचं काय करू आता?"

मावशी त्यांच्याकडं वळल्या. "आई दवाखान्यात होती, तेव्हा तू खालच्या आवारात बसून असायचास ना रे, दिवस-दिवस?"

"हो."

"कुणी विचारायचं का, जेवलास का म्हणून?"

यजमानांनी मान खाली घातली. पुढचं मावशींना सांगावं लागलं नाही.

रविवारी सकाळी पायऱ्यांवर गर्दी झाली. ज्याच्या त्याच्या हातात पावाचा पुडा, पोरांच्या अंगावर ठेवणीतले कपडे. ताई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. चष्म्याच्या दुकानात एका माणसाशी बोलायची सवय त्यांना. इतक्या लोकांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "हे मीच सुरू केलंय. थांबवायचंही मीच सांगितलं पाहिजे. आज कुणी पाव टाकू नका. फक्त या, बसा, आणि बघा."

एकदम कुजबुज उठली. "आता ताईच उलटल्या!" कुणीतरी मागून म्हणालं. दुसऱ्या बाईनं फणकाऱ्यानं विचारलं, "मग पाखरांनी खायचं काय? उपाशी मरायचं?"

गर्दीतून गुरांचे डॉक्टर पुढं आले. आपली दुर्बीण ताईंच्या गळ्यात बघून ते क्षणभर चक्रावले. "म्हणजे त्या पाववाल्या तुम्ही!"

"मीच. तुम्ही सांगितलं असतंत तर भांडले असते तुमच्याशी."

"म्हणून तर नाही सांगितलं," डॉक्टर म्हणाले, आणि त्या बाईकडं वळले. "बाई, नदीत मासे आहेत, चिखलात किडे आहेत. तेवढ्याच भरवशावर ती इथवर आलीत. वाटेत बेकऱ्या नव्हत्या!"

हशा पिकला, आणि ताण थोडा सैल झाला. टपरीवाला मात्र हसला नाही. "ताई, माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही."

ताई त्याच्याजवळ गेल्या. "पाव विकू नकोस, चहा ठेव. गारठ्यात बसून बघणाऱ्यांना चहा लागतोच. पहिलं गिऱ्हाईक मी."

तो पटल्यासारखा दिसला नाही, पण पाटीच्या खिळ्यावरच्या पुड्या त्यानं काढून आत ठेवल्या. काही जण कुरकुरत घरी गेले. एकानं तर जाता जाता मुद्दाम पाव भिरकावला. उरले ते काठावर बसले. दुर्बीण या हातातून त्या हातात फिरू लागली, आणि ज्याच्या हातात जाईल तो गप्प होऊ लागला. यजमानांनी पावाच्या टोपल्या हातगाडीवर घातल्या. आईचा फोटो घरी भिंतीवर होता, पण तिची जुनी शाल त्यांनी खांद्यावर घेतली होती. दवाखान्याच्या आवारात बाहेरगावच्या रुग्णांची माणसं सतरंज्या टाकून बसलेली असतात. त्या दिवशी त्यांच्यातल्या प्रत्येकाला एक अनोळखी माणूस पाव देण्याआधी विचारत होता, "तुम्ही जेवलात का?"

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या हातात अशी एखादी भरलेली पिशवी असते. आपण देतो, मनापासून देतो, आणि दिल्याच्या समाधानात डोळे मिटून घेतो. पण देणाऱ्याचे डोळे मिटले की दानाचा भार घेणाऱ्यावर पडतो. दया म्हणजे हात सैल सोडणं एवढंच नाही. समोरच्याला काय हवंय ते आधी निरखून बघणं, आणि आपली कितीही लाडकी सवय त्याच्या जिवावर येत असेल, तर ती सोडून देणं, हीही दयाच. मोठ्यांनी घालून दिलेला नेम मोडल्यानं त्यांचा मान जात नाही. डोळे मिटून पाळल्यानं मात्र जातो.

सोमवारी पहाटे ताईंना पुन्हा त्याच आवाजानं जाग आली.

"रिकाम्या हातानं जाऊ नकोस हं!"

त्यांनी अंघोळ केली, प्रार्थना केली. एका दिवसात काही बदललं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. कुत्री आजही येणार होती, सवय त्यांनाही लागली होती. आदल्या दिवशीचा लगदा अजून काठाला चिकटून असेल, पुड्यांचे कागद दगडांत अडकले असतील. कुणीतरी पुलाखालच्या उथळ पाण्याशी उभं राहायला हवं होतं, पाखरांची झोप होईपर्यंत.

मावशी टेबलाशी होत्या, त्यांच्या मौनात. ताईंनी खुंटीवरची पिशवी काढली, झटकली आणि घडी करून हातात धरली. रिकामीच. येताना ती भरून येणार होती, काठावरचं सगळं उचलून. कोपऱ्यातली काठी दुसऱ्या हातात घेतली. मावशींनी नुसती मान हलवली.

यजमानांची झोप मोडू नये म्हणून ताईंनी दार हलकेच ओढून घेतलं. गल्ली अजून निजलेली होती. नदीच्या अंगानं गार वारा येत होता, आणि त्यातून लांबवर, अगदी बारीक, पाखरांचा आवाज.

"येते हं, आई," त्या मनात म्हणाल्या, आणि पायांचा आवाज न करता पुलाच्या दिशेनं चालू लागल्या.